साउंड

हेडफोन चढवले, गिडियनच्या मुठीत बटण दिलं,
म्हटलं, साउंड आला की दाबायचं.
तो खिडकीकडे बघत राहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"येतो कुठून? मी जन्मल्यापासून तिथंच आहे."

खिडकीबाहेर दोन बेटांमधलं करडं पाणी,
नकाशावर ज्याचं आडनाव साउंड.
चौतीस वर्षं त्यानं तिथं फेरीबोट हाकली
इंजिनाला डावा कान लावून.
आधी डावाच गेला.

माझ्या भाषेत त्या पाण्याला सामुद्रधुनी म्हणतात,
भूगोलाच्या पेपरात गाळलेली जागा भरायचा शब्द.
शेटलंडचे लोक एका घोटात म्हणतात, साउंड.
आणि आवाजही तोच. ठणठणीतही तोच.
झोपेच्या आधी लावला तर गाढ.
मृत्युपत्रावर वकिलानं लिहिलं:
गिडियन इस्बिस्टर, मन साउंड.
सही करताना यानं विचारलं,
"आणि कानांनी काय घोडं मारलं होतं?"

नात टोरा फोनवर कशालाही साउंड म्हणते.
रविवारी येतेस? साउंड.
सूप उरलंय. साउंड.
म्हातारा फोन लांब धरून त्याच्याकडे बघतो,
जणू आत काही सांडलंय.

चाचणी संपली तरी तो उठेना.
बापाचा साउंड वेगळा होता, म्हणाला.
दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी.
धुक्यात स्वतःचा हात दिसेना की दोरी सोडायची.
दोन वावांवर कातडं, पाचावर पांढरं फडकं,
सातावर तांबडं, लोकरी,
अंधारात ओठांनी ओळखायचं.
वर ओढली की चरबीला तळ चिकटून येई.
शिंपल्यांचा चुरा असला तर घर जवळ.
काळा चिखल असला तर आई अजून जागी.

वाव.
मी थबकले. हा शब्द माझ्याकडे होता.
दोन्ही हात पसरले की मावेल एवढं पाणी.
हल्ली आम्ही तो अर्जांत वापरतो,
कल्पकतेला वाव, सुधारणेला वाव,
आणि बुडायला किती लागायचा ते विसरलो.
गिडियनला हे सांगावंसं वाटलं. सांगितलंही.
उजवा कान पुढे करून तो म्हणाला, "काय?"

रात्री जाडजूड कोश उघडला.
एक साउंड उत्तरेकडून आलेला,
त्याच्या मुळाशीच पोहणं आहे.
एक लॅटिन गळ्यातला, एक फ्रेंच दोरीला लोंबकळत,
एक इथलाच, कधी आजारी न पडलेला.
चौघांची ओळखदेख नव्हती.
बोलून बोलून झिजले आणि सारखे दिसू लागले,
धक्क्यावरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

यंत्र लावल्यावर गिडियनला पहिल्यांदा ऐकू आला तो फ्रिज.
"हा इतकी वर्षं कण्हत होता?"
मग दोन आठवडे यंत्र चहाच्या डब्यात.

जूनमधल्या एका शनिवारी साउंडमध्ये व्हेल आला.
धक्क्यावर पर्यटक, लाल जॅकेटं, दुर्बिणी.
व्हेलनं पाठ वाकवली, शेपूट उभं केलं
आणि सरळ खाली गेला.
असं खाली जाण्यालाही इथं तोच शब्द.
गिडियन ओरडला, "साउंड करतोय! साउंड!"
आणि सगळ्यांनी कानांमागे हात धरले.
लाल जॅकेटं गप्प. पोरं गप्प.
एका बाईनं कुत्र्याचं तोंड मिटून धरलं.
पाणी पुन्हा सपाट झालं.
कुणालाच काही ऐकू आलं नाही.

गिडियन खूश. आज सगळा धक्का त्याच्यासारखा.
मी त्याच्या उजव्या बाजूला गेले,
ओरडून विचारलं, "किती वाव?"
काय कळलं, कुणास ठाऊक.
त्यानं दोन्ही हात पसरले,
आणि पसरलेलेच ठेवले.