दोघांना मान्य असलेले विधान

भटू सरांच्या क्लासला दर रविवारी शंभर प्रश्न लागतात.
त्यातले दहा माझे. प्रश्नाला तीस रुपये,
उत्तर आणि स्पष्टीकरणासकट.
देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत
डोक्यात दोन माणसं भांडायला लागलेली असतात.
एक अ. एक ब.
त्यांना वय नसतं, आडनाव नसतं, गुडघेदुखी नसते.

मुलांना मी सांगते :
अ च्या बोलण्याखाली रेघ मारा.
ब च्या बोलण्याखाली रेघ मारा.
दोन्ही रेघा जिथे एकाच गोष्टीखालून जातात, तिथे थांबा.
एकच जण बोलला असेल तर ते सोडून द्या.
दुसरा गप्प आहे म्हणजे त्याला पटलं, असं धरू नका.
मौन म्हणजे संमती, हे लग्नाच्या बैठकीत.
पेपरात नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी दहावा प्रश्न सुचेना.
कूलरमधलं पाणी संपलेलं.
ओट्यावर आई-अप्पांचं चाललेलं.
तेच उचललं, अहिराणीतून पुस्तकी मराठीत आणलं,
शिव्या गाळल्या :

अ : ही सायकल विकून टाकावी. तिने अर्धा ओटा अडवला आहे.
ब : आत्ता विकू नये. भंगाराला भाव नाही. दिवाळीनंतर बघू.

दोघेही पुढीलपैकी कशाशी सहमत असतील?
१) ओट्यावर जागा कमी आहे.
२) दिवाळीनंतर भाव वाढेल.
३) सायकल आता कोणी चालवत नाही.
४) सायकल चालवणारा परत येईल.

उत्तर तीन.
जागेबद्दल ब बोललेला नाही, भावाबद्दल अ.
चालती सायकल कोणी भंगारात काढत नाही,
म्हणजे तीन दोघांच्याही बोलण्यात आहे, न उच्चारता.
चौथा नुसता भरतीचा.
भरतीचा पर्याय सुचायला मला कधी वेळ लागत नाही.

धडगावकडची रोशनी पावरा, मागच्या बाकावरची.
तिने चार लिहिला. पाव गुण गेला.
तासानंतर टेबलाशी आली :
"मॅडम, विकायचीच असती तर एवढं भांडत बसले असते का?
भंगारवाला तर रोज येतो."
मी म्हटलं, भंगारवाला वाक्यात कुठे आहे? तो तू आणलास.
बाहेरचं काही आणायचं नाही.
ती बरं म्हणाली. खोडरबराने चार पुसला,
सावकाश, कागद न फाडता.
तिथे तीन मात्र लिहिला नाही.

तिला सांगितलं नाही,
की भंगारवाला खरंच येतो, साडेदहाला,
आणि त्याची आरोळी ऐकली की आईला आत काहीतरी काम निघतं.
की अप्पा चेनला शिलाई मशीनचं तेल घालतात,
कोणी बघत नाही असं बघून.
की वावटळ उठली की सीटवर साडीच्या दुकानाची पिशवी बांधते
ती अ च.
हातांच्या खाली रेघ मारायची पद्धत नाही.
की सुरतेची गाडी नरडाण्याला थांबते,
सात वर्षं थांबते आहे,
आणि माझ्या भावाचं नाव
आमच्याकडे पर्यायांतसुद्धा येत नाही.

काल रात्री उकाड्याने कोणालाच झोप नव्हती.
अप्पांची खाट ओट्यावर, आईचं अंथरूण उंबऱ्याच्या आत.
भरतात मिरच्या किती, यावरून दोघं बिनसलेली,
दोन तास अबोला.
मांजर असेल. नाहीतर घूस.
सायकलची घंटी वाजली, एकदाच, अर्धवट.

आतून आणि बाहेरून, एकाच वेळी :
"कोन शे?"

मी लगेच दिवा लावला नाही.