पान एकेचाळीस

सकाळी सव्वासातला दार सरकतं.
नेब्रास्कात जानेवारी म्हणजे
कुंपणाच्या तारेवर बर्फाची दुसरी तार.
आम्ही अकरा जण हात पाठीशी धरून निघतो
जुन्या धुलाईखान्याकडे.
तिथं आता धुणं नाही,
सहा कळांची यंत्रं आहेत, जाड कागदाचे गठ्ठे आहेत.
साबणाचा वास तेवढा भिंतींनी सोडलेला नाही.

मी ऑर्विल टीग. बावीसपैकी चौदा वर्षं झाली.
ही बोटं काय करून आत आली
ते कागदोपत्री आहे, इथं पुन्हा लिहीत नाही.
सध्या ती
कधी न पाहिलेल्या मुलांसाठी भूगोल लिहितात.
तिसरीचा.

सहा टिंबांचं घर. तीन आणि तीन.
कुठलं उठवायचं, कुठलं निजू द्यायचं,
एवढाच सगळा कारभार.
एक टिंब चुकलं की अक्षर बदलतं,
आणि उठलेलं टिंब नखानं दाबून बसवलं
तरी कागद विसरत नाही.
हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कोठडीतला थॅडियस म्हणतो,
तासाला अडतीस सेंट!
स्वर्गात जागा राखून ठेवलीय का रे तुझी?
मी म्हणतो, नाही.
उद्या पान चाळीस आहे, एवढंच.
तो भिंतीवर दिवस खोडतो.
मीही खोडले, पहिली सहा वर्षं.
दिवस कमी झाल्यासारखे वाटले नाहीत,
भिंत मात्र खराब झाली.

रात्री इथले दिवे पुरते मालवत नाहीत.
डोळे मिटून मी मांडीवर
दिवसभराची ओळ बोटांनी परत वाचतो.
कधी मन त्या पेट्रोलपंपाकडे वळतं.
वळू देतो. दटावून ते थांबत नाही.
फिरून आलं की
बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवतो.

मार्चमध्ये शाळेतून पत्र आलं.
ड्वोराकबाईंनी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं.
लिहिणारी ओटिली, वय नऊ.
'पान एकेचाळीसवरच्या नकाशात
नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढते.
माझं बोट दोनदा तिकडे गेलं.
नद्या असं करत नाहीत.
कृपया दुरुस्त करावं.'
खाली आभार नाहीत, देव भलं करो नाही.

सगळे हसले. मीही हसलो,
आणि मग गठ्ठ्यांच्या मागं जाऊन
जरा वेळ उभा राहिलो.

माझ्या चुकीबद्दल
पुष्कळांनी मला सांगितलेलं आहे.
न्यायाधीशानं सांगितलं, वाचून.
त्या माणसाच्या बहिणीनं, माझ्याकडे न बघता.
आईनं तर काहीच न बोलता.
त्या बोलण्याच्या शेवटी
कुणाला लिहिता येण्यासारखं नव्हतं:
कृपया दुरुस्त करावं.

बाण उलटा पडला होता. माझाच.
नवा कागद लावला.
डोंगर पुन्हा उठवले, एकेक ठिपका,
नदी वरून खाली सोडली,
हळू,
वाटेतल्या दोन उपनद्या विसरलो नाही.
मुखाशी लाटांच्या तीन रेघा.
समुद्र मी पाहिलेला नाही.
डोळे मिटले, बोट फिरवलं.
बोट खाली उतरलं.
पुन्हा फिरवलं.

रात्री वरच्या फळीवरून थॅडियस म्हणाला,
झालं का तुझं ते पान?
झालं.
मग आता?
आता बेचाळीस. वाऱ्यांचा धडा आहे.
बराच वेळ काही नाही.
पहाऱ्याचे बूट येऊन गेले.
मग त्या अर्ध्या अंधारात त्यानं कूस बदलली
आणि विचारलं,
वारा कसा रे उठवतोस, टिंबांत?