मान

नोव्हेंबरात शमोकिनला पाच वाजताच अंधार पडतो.
वरच्या रस्त्याने मीठ टाकणारी गाडी खडखडत जाते
आणि तळघरात बाकावरच्या पुंगळ्या
एकमेकींना लागून किणकिणतात.
दीदो हात वर करून थांबतो.
गाडी चर्चपाशी वळेपर्यंत काही मोजायचं नाही.

पन्नास पुंगळ्या. प्रत्येक सहा वेळा उडालेली,
सहाही वेळा त्याच्याच बंदुकीतून.
बुडं पुसलेली, तोंडं घासलेली,
खांद्याशी ज्योतीतून काढल्याची जांभळी झाक.
आता तो हरणावर झाडत नाही.
सहाशे यार्डांवरच्या कागदावर झाडतो,
आणि कागद चुकवून पळत नाही
म्हणून काका हसतो त्याला.

पुंगळी छर्‍यांच्या पाळण्यात आडवी ठेवायची,
मानेवर डायलचा पाय टेकवायचा,
बुडाशी एक बोट, आणि फिरवायची,
हळू, निजलेल्या मुलाची कूस बदलावी तशी.
सुई हलली तर मान वाकडी.
मान वाकडी तर गोळी जन्मतःच तिरकी,
मग पुढे वारा कितीही पडलेला असो.
एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.
दोन रेघांपर्यंत चालेल.
तीन असेल तर सरावाच्या डब्यात.

मी सात वर्षांची असताना
त्याने माझा एक केस उपटून मोजला होता.
अडीच रेघा.
"तुझ्या आजीचा तीन होता," म्हणाला,
आणि केस फुंकून टाकला.
आजी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

आज पहिल्या पुंगळीला चार.
दुसरीला पाच. तिसरीला पुन्हा चार.
खापर आधी डायवर फुटलं,
मग मानेतून ओढून निघणार्‍या मण्यावर,
मग प्रेसवर, जी माझ्या बापाने चुकीच्या बोल्टांनी बसवली होती
एकोणिसशे सत्त्याण्णवला.
पाळणा खोलला, छर्रे स्पिरिटने पुसले,
डायलचा स्क्रू आवळला. पाच.

मग त्याने खणातून ती पिन काढली.
पोलादी, बोटाएवढी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली.
कारखान्यातल्या शेवटच्या वर्षी, शेवटच्या पाळीला
स्वतः घासून काढलेली.
हिला सुई कधी हलत नाही.
हिच्यावरून बाकीचं जग तपासायचं.

पिन ठेवली. बोट लावलं.
सुई चार रेघांत मागेपुढे करत राहिली,
दार लावू की नको असं कुणी उंबर्‍यावर करावं तशी.

बराच वेळ तो सुईकडे बघत होता.
मी त्याच्या बोटाकडे बघत होते.
हीटरच्या रॉकेलचा वास तेवढा होता.
मग त्याने स्टूल मागे सरकवलं.
"मेलान्या, तू फिरव."

मी फिरवली. सुई तसूभरही ढळली नाही.
खरं तर तसू हे फारच मोठं माप झालं.

कुणी काही बोललं नाही.
मी पन्नासच्या पन्नास फिरवल्या,
तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचत गेला:
एक. दीड. एक. शून्य, ही बाजूला ठेव. दोन.
एक्केचाळीस निघाल्या चांगल्या.
मधे एकदा गाडी परत आली,
तेव्हा आम्ही दोघांनी हात वर केले.

शेवटी त्याची वही उघडली.
तारीख, पुंगळ्यांचा गट, डाय, खोलीचं तापमान.
पेन्सिल कागदावर लागेना,
म्हणून त्याने डाव्या मुठीने उजवं मनगट धरलं
आणि पट्टीने एक नवा रकाना आखला.
तो काही सरळ आला नाही.
त्याच्या डोक्यावर लिहिलं: फिरवणारा.
खाली माझं नाव.
मग मागची पानं उलटून,
चाळीस वर्षांच्या पानांवर, जिथे हा रकानाच नव्हता,
काही लिहायचं राहिलंय का ते बघत बसला.