कारेलियातलं एक अंगण

सफरचंदाच्या बुंध्यात लोखंडी कडी रुतून बसलीय.
कुत्रा कुक्कोनेनांचा. युद्धात गाव सोडताना
त्यांनी आधी त्याला मोकळं केलं, म्हणतात.

मग वोलोग्दाहून सावेली आला,
बायको, बकरी, शिवणयंत्र घेऊन.
जुनं घर त्याच्या हातून जळालं;
नवं बांधलं दहा पावलं अलीकडे.
पुढे टपालवाली झिनाईदा. तिनं अंगण मला विकलं
विहिरीसकट, आणि एका आंधळ्या मांजरासकट.

परवा फिनलंडहून एक म्हातारा आला.
मागितलं काहीच नाही. फाटकातून नीट चालत
उघड्या गवतात मध्येच थबकला,
पाय उंच उचलला, मान जराशी लववली,
आणि आत गेला.

मी बाहेरच.
बूट काढावेत का, कळेना.