हद्द कायम

चौतीस वर्षं करवीर तालुक्यात साखळी ओढली.
बांध कोरणारा मी लांबून ओळखतो.
तो कुदळ मागाहून आणतो,
आधी गोष्ट आणतो.
"आमच्या आज्ज्यानं सांगितलं होतं" इथून सुरू होते,
आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून
घड्यांवर फाटलेला मोडी कागद निघतो,
ज्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही.

परवा गंगावेशीत, कट्ट्यावर,
दिनकर भोपळेनं मोबाईल पुढं केला.
"बघा सर्व्हेअर, जुना नकाशा.
युक्रेन म्हणून काय नव्हतंच कधी.
आणि ही प्रेतं? नाटकी हाईत.
त्यो एक उठून बसतोय बघा."
माझ्या हातात दुधाचा ग्लास, फेस अजून बसला नव्हता.
मी एवढंच विचारलं, नकाशाचं प्रमाण काय?
उत्तर दिशा कुठंय? सही कुणाची?
"तुमचं आपलं कायतरीच," तो म्हणाला
आणि तो व्हिडिओ आणखी तिघांना गेला.

सत्त्याण्णव साली मला पोलिश कबरस्तानाची
हद्द मोजायला धाडलं होतं.
फलकयंत्र मांडतोय तोवर एक गोरी म्हातारी आली.
पिशवीत झेंडू.
"पानी गरम आहे?" तिनं मराठीत विचारलं.
वळिवड्याच्या छावणीत पाच वर्षं वाढलेली पोर,
एवढं एकच वाक्य तिच्याकडं उरलं होतं.
नाव यादविगा. बाकीचं दुभाष्यानं सांगितलं:
फेब्रुवारीची पहाट, दारात रशियन शिपाई.
"तुमच्या रक्षणासाठी आलोय. अर्धा तास."
आईनं शिवणयंत्राचं डोकं उचललं,
धाकट्याचे बूट विसरली.
मग सैबेरिया, मग इराण, मग पंचगंगेचं पाणी.
आई इथंच, या दगडाखाली.

दगडावर गावाचं नाव होतं.
कुठला देश, मी वहीत लिहायला विचारलं.
"घर हललं नाही," ती म्हणाली,
"देश चारदा हलला."
मी रकाना कोरा ठेवला.

गेल्या आठवड्यात तिच्या नातीचा मेल आला.
शाळेच्या तळघरावर आता बाण रंगवलाय,
मुलांना पाणी साठवायला शिकवतोय.
टीव्हीवर रोज शांततेची नवी तारीख सांगतात
आणि आमच्या गावातले जनरेटर संपलेत.
पणजीच्या कबरेचा फोटो पाठवाल?

शांतता.
मी पाहिलीय तसली.
पंच येतात, चहा होतो,
ज्याचं अर्धा एकर गेलं त्यालाच समजावतात,
"चार गुंठं सोड की भावा. कोर्टात पोरं म्हातारी हुतील."
अंगठा उठतो. फोटो निघतो.
पुढच्या पेरणीला नांगर आणखी एक तास आत.
दगड न रोवता केलेली तडजोड
म्हणजे दोन हंगामांमधला नुसता उन्हाळा.

हे दिनकरला सांगता आलं असतं.
नाही सांगितलं.
आमच्या केर्लीच्या रानात पूर्वेचा बांध
आमच्या आप्पांनी दोन हात सरकवलाय.
रोज जेवताना म्हणायचे, मगदुमांनी आपलं खाल्लं.
मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून
शपथ घेतली असती.
नोकरीला लागलो, क-प्रत उघडली,
तेव्हा कळलं कुणी कुणाचं खाल्लं.
घरातल्याच आवाजात आलेलं खोटं
भाकरीबरोबर खाली उतरतं,
ठसका लागत नाही.

काल कबर घासली. शेवाळ निघालं,
गावाचं नाव वर आलं. फोटो पाठवला.
येताना केर्लीला गाडी थांबवली.
खुणेचा दगड कुठं होता मला ठाऊक आहे:
बाभळीपासून सात मीटर.
मगदुमांचा थोरला उसाला पाणी पाजत होता.
त्यानं हात केला.
मीही केला.
टेप गाडीतच होती.