किती वर्षं जगणार, ते लिहा

पोलोग्राउंडच्या बिजली ऑफिसात
एकतीस वर्षं लोकांची बिलं दुरुस्त केली मी.
कोणाचा शून्य जास्त, कोणाचं मीटर उलटं.
आता माझ्याच रकमेपुढचे शून्य
बोट लावून मोजते,
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

रात्री ओटा पुसून झाला की चष्मा, लॅपटॉप
आणि जगभरचे शहाणे.
एक म्हणतो, सोनं म्हणजे झोपलेला पैसा.
दुसरा म्हणतो, एफडीत ठेवाल तर महागाई कुरतडेल.
तिसऱ्याच्या डोक्यावर पाच तारे
आणि पायाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
की आमच्या सांगण्याला आम्ही बांधील नाही.
(मुंगीएवढी अक्षरं वाचायची मला सवय आहे.
नोकरीच ती होती.)

आई दसऱ्याला सराफ्यात जायची.
अर्धा तोळा, कधी नुसता पाव,
आणि उरलेल्या चिल्लरीत आम्हाला भुट्ट्याचा कीस.
दिवसा जिथे काटा लागायचा
त्याच ओट्यावर रात्री कढई चढायची.
तिला कोणी विचारलं नाही,
तुमची जोखीम घेण्याची क्षमता किती.
सात बाळंतपणं झाली होती तिची.

मला विचारतात.
बाजार वीस टक्के कोसळला तर तुम्ही काय कराल?
विकाल, थांबाल, की आणखी घ्याल?
मी आधी चहा ठेवीन.
तो पर्याय नाही.

शेवटी एक पट्टी येते, पट्टीवर मणी.
किती वर्षं जगणार, ते लिहा.
त्यांनी आपणहून पंच्याऐंशी धरलंय.
मणी अठ्ठ्याहत्तरवर आणला
की पैसे उरतात, हिरवेगार,
इतके की कोणाच्या नावावर करावे कळत नाही.
नव्वदवर नेला
की ब्याऐंशीव्या वर्षी, मार्च महिन्यात,
रेघ लाल होते आणि जमिनीत जाते.
मी मागेपुढे करत बसते,
जुन्या रेडिओवर स्टेशन शोधावं तशी.

एके ठिकाणी अहवाल फुकट होता.
फक्त नंबर द्या, म्हणाले. दिला.
दुसऱ्या दिवशी अकराला फोन.
"नमस्ते मॅडम, मैं करण मल्होत्रा, मुंबई से.
महीने का बारह परसेंट, पक्का."
मागे पन्नास पोरांचा कालवा,
सगळ्यांचंच काही ना काही पक्कं.
आणि त्या 'से'मधून निघालेली बारीक शीळ.
तो दात आमच्याच गच्चीवर तुटला होता,
पतंग लुटताना. रक्त मी पुसलं होतं.

"नीरू," मी म्हटलं,
"आईनं कढीपत्ता मागितलाय,
संध्याकाळी घेऊन जा."

नुसता कालवा राहिला फोनवर.
मग फार हळू, मराठीत,
"मावशी, तुम्ही नका भरू."

इतक्या रात्री, इतके शहाणे,
त्यातला एवढाच सल्ला
ज्याच्याखाली बारीक अक्षरं नव्हती.

आला. विजयनगरहून थेट,
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर खरं नाव,
नीरज श्रीधर डगांवकर.
"मला यातलं काही येत नाही, मावशी.
कागद देतात, तो वाचतो.
अठरा हजार पगार,
आणि वर, जेवढे फसतील तेवढं."

रागवायचं ठरवून ठेवलं होतं मी, शब्दही जमवले होते.
पोह्यांवर शेव घातली. जिरावण
जरा जास्तच पडलं हातून.
खाल्लं त्यानं, नाक पुसत, ठसका लागेपर्यंत.

मग स्टूल ओढून पडद्याशी बसला,
माझे शून्य बघितले, काही बोलला नाही,
मण्यावर बोट ठेवलं.
"नव्वद धरा."
"पुरत नाहीत रे."
"धरा तरी," म्हणाला,
आणि कढीपत्ता विसरून गेला.