कुठवर आलं

नाटक रात्री दहाला सुरू झालं, संपलं तेव्हा पाच वाजले होते.
तीन वर्षं ते कार्डात पडून:
अकरा जीबी, वर सातशे एमबी.
मोबाइलवरून चढवायला गेलो, ॲप म्हणालं, फार मोठं आहे.
झाडीपट्टीत नाटक याहून लहान असतं का!

मग एपीआय.
आधी दारात उभं राहून सांगायचं, एवढं एवढं घेऊन आलोय.
तो एक क्रमांक देतो, तो जपायचा.
मग फाईलचे तुकडे, पाच-पाच एमबीचे,
रोवण्याला पेंढ्या टाकाव्या तसे एकामागून एक.
दोन हजार तीनशे चाळीस.
एका तुकड्यात अकरा सेकंदांचं नाटक मावतं.

पाण्याच्या टाकीचा जिना, चौदावी पायरी.
फोर जी तिथंच येतं, तेराव्या पायरीवर नाही.
मांडीवर लॅपटॉप, कानाला मफलर.
खालून चिंधू कोटांगले विचारतो,
"झाला का गा?"
"नाई. आता कुठं हिरोईन आली."

एकोणीसशे चारला टॉवरच गेला.
नेमका सूर्यभान मरत होता.
सूर्यभान साडेतीन मिनिटं मरतो,
ते बघायलाच ट्रॅक्टर भरभरून लोक येतात.
अर्धा मेला तिकडे,
अर्धा माझ्या मांडीवर.

दीड तासानं लाईन आली.
पहिल्यापासून कर म्हणेल, या भीतीनंच विचारलं:
कुठवर आलं?
नऊ अब्ज बावन्न कोटी.
बस, एवढाच आकडा. ना राग, ना उपदेश.
इथून पुढचं दे.

आसाराम मामा बत्तीस हंगाम असाच बसला
विंगेत, वहीवर बॅटरीचा उजेड धरून.
नट अडला की फक्त पुढचा शब्द,
पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही असा.
पोस्टरवर लाईटवाल्याचं नाव असायचं,
मंडपवाल्याचंही.

हे नाटक त्याचं शेवटचं. कॅमेरा विंगेजवळ होता.
एकोणीसशे पाचव्या तुकड्यात सूर्यभान विसरतो,
आणि कुठूनसा आवाज येतो: पाणी.
"पाणी..." सूर्यभान म्हणतो,
बायका पदर डोळ्यांना लावतात.

आता मामाच अडतो.
घास हातात, नजर भिंतीवर.
शेजारून मामी,
आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं,
म्हणते, "भाजी."
तो पुढं जेवतो.

दोन हजार तीनशेला टोकनची मुदत संपली,
पुन्हा ओळख द्यावी लागली.
शेवटचा तुकडा गेल्यावरही
झालं, असं वेगळं कळवावं लागतं,
आपणहून त्याला समजत नाही.

नटांची नावं टाईप केली. पेटी, तबला, लाईट, मंडप.
मग एक ओळ जास्तीची.

'प्रक्रिया सुरू आहे', म्हणतोय.
पाय बधिर झालेत. चिंधू कधीचा घरी गेला.
आता चौदा पायऱ्या, अंधारात,
मोजत.